कुंतानं फेकलेलं जाळं

मित्रांनो, मी एक जुनं फेकजाळं आहे. आता मला जाळं म्हणावं की नाही, हे तुम्हीच ठरवा. सावलीजवळच्या एका खेड्यात, कुंताच्या अंगणातल्या मांडवावर दोडक्याचा वेल अंगावर घेऊन मी पडून असते. कोंबड्या खाली उकरत बसतात. माझ्याकडे मान वर करून कुणी पाहत नाही, आणि पाहावं असं माझ्यात काही उरलेलंही नाही.

माझा जन्म त्र्याऐंशी सालचा. कुंताचा नवरा मनसाराम, जातीचा ढिवर, तलावावर जगणारा माणूस. त्यानं सावलीच्या बाजारातून नायलॉनचा दोरा आणला आणि उन्हाळाभर ओसरीवर बसून बांबूच्या सुईनं मला विणलं. एकेक घर बोटानं मोजून घ्यायचा. एक घर जरी सैल पडलं तरी चार ओळी उसवायचा. मला तेव्हा त्याचा रागच यायचा, किती वेळ लावतो हा बाबा! पण त्यानं मला जे अंग दिलं, ते आजही तसंच्या तसं आहे. शेवटी त्यानं माझ्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवल्या. त्या गोळ्यांच्या वजनावरच फेकजाळं पाण्यात बसतं.

त्याच दिवसांत वरोऱ्याहून त्याचा साडभाऊ, कुंताच्या बहिणीचा नवरा बिरजू, आला होता. तिकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता तो. मनसारामच्या मांडीवर मला पाहून त्याला हसू आवरेना.

“काय गा, हे बायकी काम काऊन करून राह्यला? स्वेटर इनतेस का साळीसाठी?”

मनसाराम सुई न थांबवता म्हणाला, “जाळं इननं मरदाचं काम होय. आमच्याइथी बाई सुईले हातबी लावत नाई.”

कुंता दारात तांदूळ निवडत होती. तीही हसली. ‘बायकी’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एका दिवसाच्या एसटीच्या अंतरावर त्याचा अर्थ पार उलटा होतो, याची मला गंमत वाटली होती. आता वाटत नाही.

पुढची तीन वर्षं मी मजेत काढली, खोटं कशाला बोलू. मनसाराम एक गोळी दातात धरायचा, माझं निम्मं अंग कोपरावर घ्यायचा आणि कमरेतून अशी गिरकी द्यायचा की मी तलावावर गोल पसरून पडायची. मरळ, झिंगे, कधी चांगला हातभर रोहू. गावातले ढिवर म्हणायचे, जाळं पाहावं तं मनसारामचं. मी फुशारून जायची. वाळत घातल्यावर पोरं माझ्यातून बोटं घालायची, तर कुंता त्यांना हाकलायची. स्वतः मात्र मला कधी शिवायची नाही. मासे टोपलीत भरून विकायला नेणं तिचं काम. तेवढं बाईनं करायचं, असं ठरलेलं होतं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात मनसारामच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात मेला, पाय ओढत चालू लागला. मी खुंटीवर गेले.

आता इथं तलावाचा नियम सांगायला हवा. आमच्या तलावावर प्रत्येक ढिवर घराची मासे धरायची पाळी असते. दिवाळीपासून होळीपर्यंत ज्या घरचं जाळं एकदाही पाण्यात पडत नाही, त्या घराची पाळी कायमची जाते. मनसारामच्या घरी दुसरा पुरुष नव्हता. होती ती कुंता, आणि आठ वर्षांची मंगली.

दिवाळी गेली. एका दुपारी मनसारामनंच विषय काढला.

“कुंता, खुंटीवरचं जाळं काढ.”

“मी?”

“दुसरं कोन आहे इथी?”

घरामागच्या बोडीत, म्हणजे कोरड्या पडलेल्या लहानशा तळ्यात, शिकवणी सुरू झाली. मनसाराम बांधावर बसायचा आणि डाव्या हातानं हवेत गिरकी काढून दाखवायचा. सूप जमिनीवर ठेवायचं आणि त्यावर मला फेकायचं. पहिले आठ दिवस मी नुसती गाठोड्यासारखी धप्पकन पडत होते. कुंताच्या दातातून गोळी सुटायची, मनसाराम ओरडायचा, मंगली खिदळायची. कुंता चिडून मला तिथंच टाकायची आणि पुन्हा उचलायची. मग एके दिवशी मी उघडले. सुपाच्या चहूकडून सारखी, पूर्ण गोल. मनसारामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मला वाटलं, आता हे घर तरलं.

मित्रांनो, माझ्या एका गोळीवर त्या दिवसांत दोघांच्याही दातांच्या खुणा होत्या.

पौषातली सकाळ होती. तलावावर दाट धुकं. कुंतानं मनसारामचा जुना कोट अंगात घातला आणि डोक्याला त्याचाच शेला गुंडाळला. थंडीसाठी की लपण्यासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक. ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिनं मला फेकलं.

काय पडले होते मी! पलीकडच्या काठावर शेकत बसलेले ढिवर उभेच राहिले. त्यांच्यात डोमा होता. तलावाच्या पाळ्या तोच ठरवतो आणि त्याचा शब्द सगळे मानतात.

“वा गा मनसाराम,” डोमा ओरडला, “हात आला म्हनाचा तुया! असं जाळं तं पोट्ट्यायलेबी फेकता येत नाई.”

सगळे खूश होऊन काठाकाठानं तिच्याकडे यायला लागले. कुंतानं मला ओढलं. दोन मोठे रोहू तडफडत होते. तिनं मान वळवली. धुकं तेवढं दाट राहिलं नव्हतं.

काठावरची पावलं जागीच थांबली. मग डोमानं पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली, जणू देवळात काही विटाळलं होतं. “बाईनं जाळं फेकलं,” तो म्हणाला. “आता हा तलाव वांझ होते.”

संध्याकाळी पारावर सगळे जमले. मला पुराव्यादाखल मध्ये टाकलं होतं. कुंता डोक्यावर पदर घेऊन उभी होती, पण आवाज खाली नव्हता.

“डोमाभाऊ, नेम जाळ्याचा होय ना? जाळं घरचं होतं. पान्यात पडलं. तुमीच तं वा म्हनलं.”

“मले वाटलं मनसाराम होय.”

“मंग जाळं तं तेच होतं ना.”

डोमा काही वाईट माणूस नाही, हे मला सांगितलं पाहिजे. तो मनसारामकडे वळला. “तुनं शिकवलं का इले? तुया सांगन्यावरून गेली असन, तं ते फेकनं तुयंच धरू. पाळी राहीन. बोल.”

एवढंच बोलायचं होतं. हो म्हणायचं होतं. मी मातीत पडून त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “बायकोच्या हातानं जाळं फेकते. लकव्यानं बायकीच झाला गड्या.”

दोन-चार जण हसले. ओसरीवर बिरजूनं हाच शब्द वापरला तेव्हा मनसारामची सुई थांबली नव्हती. आता त्यानं मान खाली घातली.

“मी नाई शिकवलं,” तो म्हणाला. “मले माहीत नाई.”

कुंतानं त्याच्याकडे पाहिलं. ती भांडली नाही. ती खाली वाकली, मला गोळा केलं आणि घरी आणलं.

पाळी गेली. काही दिवसांनी मनसारामनं स्वतःच विळ्यानं माझ्या गोळ्या कापल्या आणि डोमाच्या घरी पाठवून दिल्या. त्या वितळवून नव्या जाळ्याला लावल्या म्हणतात. दातांच्या खुणाही त्यातच गेल्या. तलाव काही वांझ झाला नाही, पण ते कुणी बोलून दाखवत नाही. कुंता आता दुसऱ्यांचे मासे टोपलीत घेऊन सावलीला जाते. मंगलीची शाळा सुटली, ती आईबरोबर जाते. मनसाराम ओसरीवर बसतो. नवरा-बायकोत जेवणापुरतं बोलणं होतं.

मी नायलॉनची. कुजायचीही सोय नाही.

रोज सकाळी कुंता मांडवाखाली येते. दोडक्यासाठी हात वर करते, आणि कधी कधी त्या हातासकट मध्येच कमरेतून गिरकी घेते. अर्धीच. मग ती भानावर येते आणि दोडका तोडते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतो. मला जपा, मला शिवा, असं. माझं तसं काही मागणं नाही. वेल वाळला की मला खाली काढा आणि एकदा उजेडात धरून नीट पाहा. एकेक घर तपासा.

मी कुठंही फाटलेली नाही.