नारिंगी जाळी

नगरपालिकेत तिला सगळे कुंपणबाई म्हणत. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण काम एवढंच: गावातल्या ज्या जागांची माती बिघडली आहे, तिथे कोणी घर बांधत नाही, विहीर खणत नाही, भाजी लावत नाही, हे वरचेवर जाऊन बघायचं. अशा जागांत सगळ्यांत वाईट होतं गावाच्या टोकाचं कारखान्याचं मैदान. तिथे पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढत. मालक काढलेलं शिसं विकून चालता झाला आणि मातीत मुरलेलं गावाला ठेवून गेला.

पालिकेने तेव्हा मनापासून काम केलं, हे कबूल करायला हवं. सगळी माती उचलून न्यायला दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून तिच्यावर नारिंगी रंगाची जाड जाळी अंथरली आणि जाळीवर बाहेरून तपासून आणलेली चांगली माती पसरली. जाळीचा अर्थ साधा होता. उद्या कोणी खणलंच, तर नारिंगी रंग दिसताच त्याने थांबावं. पालिकेत हा अर्थ शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. पालिकेबाहेर तो कोणाला सांगायचं मात्र राहून गेलं.

मैदानात पाऊल टाकायला बंदी होती आणि ती पालिकेने आधी स्वतःला लावून घेतली. आत जायचं तर रसायनतज्ज्ञाची परवानगी हवी, आणि रसायनतज्ज्ञाची खुर्ची कित्येक वर्षं रिकामी. त्यामुळे तपासणी फाटकाबाहेरून व्हायची. कुलूप आहे, पाटी आहे, कुंपण आहे; झाली तपासणी. ती बंदी अगदी काटेकोर पाळणारं गावात कोणी असेल, तर ते तपासायला येणारेच होते.

मैदानाच्या मागच्या कुंपणाला लागून कुंपणबाईच्या धाकट्या बहिणीचं घर होतं. ते घेताना धाकटीने विचारलं होतं, "ताई, मागे कारखाना होता म्हणतात. काही भानगड नाही ना?"

"होती, ती केव्हाच गाडून टाकली," बाई म्हणाली. मग मेहुण्यांकडे वळून, जणू स्वतःच्या हाताने चाळून आणली अशा थाटात तिने सांगितलं, "वरची माती तर अशी तपासून आणलीय, की तुमच्या परसातसुद्धा तशी मिळायची नाही."

मेहुणे भाजीपाल्याचे वेडे. ते वाक्य त्यांनी मनात नीट जपून ठेवलं.

त्यांना मुलगी झाली, ठकी. बाईला स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा जीव या भाचीत. तपासणीच्या दिवशी ती ठकीला कडेवर घेऊन फाटकाशी जायची.

"कुलूप?" मावशी विचारायची.

"आहे!" ठकी ठणकावून सांगायची.

"पाटी?"

"आहे!"

"कुंपण?"

"आहे!"

"मला घरी बसवा आणि हिला कामावर घ्या," असं बाई साहेबांना सांगायची. साहेबही हसायचे.

पुढे पालिकेत दुसऱ्या जागांची लफडी निघाली आणि बाईचं धाकटीकडे जाणं बरेच महिने जमलं नाही. तपासणीसुद्धा ती घाईघाईने एकटीच उरकून यायची. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ती मुद्दाम ठकीसाठी रंगीत खडू घेऊन गेली. ठकीने खडू घेतले आणि काही न बोलता भिंतीकडे तोंड करून बसली.

"हल्ली अशीच करते," धाकटी म्हणाली. "चार शब्द कमीच झालेत बघ. पोट दुखतं म्हणून रडते, जेवायला नको म्हणते. सासूबाई म्हणतात, हिचा बापही उशिरा बोलायला लागला."

"अगं, पण ही बोलत होती की," बाई म्हणाली.

धाकटीने मान खाली घातली. ते तिलाही ठाऊक होतं. म्हणून तर ती सासूबाईंचं नाव पुढे करत होती.

तेवढ्यात मेहुणे हात धुऊन आले. "चला, परस तर बघा. औंदा भाजी विकत आणावी लागली नाही."

परस खरंच बघण्यासारखं होतं. पालक टवटवीत, गाजरं मातीतून डोकी वर काढून बसलेली, आणि भिंतीच्या कडेने घेवड्याचा वेल चढलेला. वेलाच्या पानांमागून नारिंगी रंग दिसत होता. बाईने एक पान बाजूला केलं, मग दुसरं.

"ही जाळी कुठली?"

"मागची," मेहुणे म्हणाले. "माती आणायला गेलो तर खाली सापडली. काय भक्कम आहे! वेलाला अगदी मापाची बसली."

"माती आणायला?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, तपासलेली माती आहे म्हणून? इतकी चांगली वस्तू नुसती पडून. मागच्या कुंपणाची एक फळी सैल केली आणि घमेल्याने आणली. वरची संपली, मग जाळी काढून खालची घेतली. ती तर आणखी भुसभुशीत. शेजारच्या दोन घरांनाही दिली."

ते कौतुकाच्या अपेक्षेने तिच्याकडे बघत राहिले. ठकी केव्हा बाहेर आली होती कोण जाणे. वाफ्याच्या कडेला बसून ती मातीत बोट बुडवत होती आणि ते तोंडात घालत होती.

बाईने धावत जाऊन तिला उचललं आणि तळहाताने तिचं तोंड पुसायला लागली. इतकं खसाखसा पुसलं की ठकी रडायला लागली, तरी तिचा हात थांबेना. धाकटी घरातून धावत आली. बाईने तिथेच उभं राहून सगळं सांगितलं: वर काय होतं, खाली काय होतं, जाळी कशासाठी होती.

"पण माती तपासलेली होती," मेहुणे पुन्हा म्हणाले.

"वरची. वरचीच फक्त."

"मग खालचं तेव्हाच का नाही सांगितलं?" धाकटीने विचारलं.

आपल्या खात्याची फुशारकी मारताना बाईने निम्मीच गोष्ट सांगितली होती, कारण फुशारकीला निम्मी पुरली.

ठकीचं रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं. "शिसं खूप आहे. आणखी जाऊ देऊ नका. औषधाने रक्तातलं उतरेल," त्या म्हणाल्या. "डोक्याला जे व्हायचं ते झालं असेल, तर ते परत आणायला माझ्याकडे काही नाही." धाकटीने ते वाक्य दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही ते तेच निघालं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, पाणी मागवून दिलं, आणि मग नकाशावर पेन्सिलीने रेघ थोडी पुढे सरकवली. आता बहिणीचं परस आणि शेजारची दोन्ही परसं बंदीच्या आत आली.

"साहेब, बंदी होतीच की," बाई म्हणाली. "तिने काय अडवलं?"

"बाई, बंदी घालण्याशिवाय आपल्या हातात दुसरं आहे काय?"

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. पालिकेने झोपा अगदी टापटीप केला. माणसं आली, वाफे उपटले, परसातली माती खरवडून काढली आणि मागच्या मैदानात नेऊन टाकली, कारण दुसरीकडे जागा अजूनही नव्हती. परसात नवी नारिंगी जाळी अंथरली, वर तपासलेली माती घातली. मग तारेचं कुंपण, फाटक, कुलूप. पाटी ठोकायला बाई स्वतः उभी होती. शेजारच्या बाईने तिच्या तोंडावर दार लावलं. मेहुणे बाहेर आलेच नाहीत; त्या दिवसापासून ते कोणाशी धड बोलत नसत, आणि ठकीकडे तर त्यांना बघवत नसे.

"हे घर आता कोणी विकत घेणार नाही आणि आम्हाला इथे राहवत नाही," धाकटी एवढंच म्हणाली. "आम्ही जायचं कुठे, हे कोणत्या पाटीवर लिहिलंय का बघ."

पुढची तपासणी आली. मैदानाचं फाटक बघून बाई गल्लीतून बहिणीच्या परसाकडे वळली. आत जायची तिला परवानगी नव्हती. ठकी स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसली होती. मावशीला बघून ती उठली, घराच्या कडेकडेने चालत आली आणि तारेत बोटं अडकवून उभी राहिली. ओळख होती. तेवढ्यावरच बाईला वेडी आशा वाटली.

"कुलूप?" तिने हळूच विचारलं.

ठकीने कुलपाकडे बघितलं. मग मावशीच्या ओठांकडे बघितलं. तिचे ओठ हलले, हवा बाहेर आली, शब्द आला नाही.

"पाटी?" बाई तारेपाशी वाकली. "ठके, पाटी?"

ठकी वाट बघत राहिली, जणू उत्तर मावशीनेच द्यायचं होतं.

धाकटी दारातून आली आणि तिने मुलीची बोटं एकेक करून तारेतून सोडवली. तिला कडेवर घेतलं.

"आहे, ताई," ती म्हणाली. "कुलूप आहे, पाटी आहे, कुंपणही आहे. लिही आणि जा."