केराबाईच्या उसाची कापलेली मुळं

मित्रांनो, मी एक जुना विळा आहे. खोटं कशाला सांगू, तुमच्याशी बोलताना माझी मान वर होत नाही.

सांगोल्याच्या लोहाराने मला बैलगाडीच्या चाकाच्या मोडक्या लोखंडी धावेतून घडवलं आणि मी केराबाईच्या हातात आलो. तिच्या कोरडवाहू रानात ज्वारीच्या मुळाशी टारफुला नावाचं बांडगूळ यायचं आणि पिकाचा रस पिऊन त्याला वाळवायचं. दिसलं की केराबाई मला त्याच्यावर चालवायची. "इळा लई गुणाचा हाय माजा," असं ती म्हणाली की मी फुगून जायचो.

एका साली टारफुल्याने सगळी ज्वारी खाल्ली आणि ती लोकांच्या शेळ्यांमागे गावोगाव फिरू लागली. १९३४ साली ती कालव्याखालच्या रानात आली. महिपतराव पाटलांनी तिला सखल भागातला अर्धा एकर ऊस वाट्याने दिला. ऊस उभा राहिला तर पुढेही जमीन तिच्याकडे, नाहीतर परत शेळ्यांमागे, अशी बोली होती. दोन लेकरांना घेऊन एका जागी राहावं, एवढंच तिला हवं होतं.

भाद्रपदात पाऊस कोसळला, कालवाही पाझरला. उसात आठ दिवस पाणी तुंबलं. मग पाण्यालगतच्या कांड्यांना गुलाबी-पांढरी मुळं फुटली. जिच्या रानात कधी पाणीच साचलं नाही, तिला काय ठाऊक!

"अगं बया! टारफुला खोडावर चढला की!" केराबाई म्हणाली आणि तिने मला उचललं.

शेजारच्या उसातून तिप्पण्णा ओरडला. तो भीमाकाठचा, पाण्यातली पिकं बघितलेला माणूस. "केराबाय, ऱ्हाऊ द्या! उसाच्याच मुळ्या हायत त्या!"

"न्हाय बाबा. माजी आक्की ज्वारी आशीच गेली हुती."

आणि मी? मी तर चेकाळलो होतो! दोन दिवस सपासप चाललो. शेवटी धार गेली, म्हणून बांधाकडची उसाची चार बेटं, म्हणजे चार झुबके, तेवढी राहिली.

पुढे कैक वर्षांनी मी एका शाळेच्या बागेत गवत कापायला आलो, तिथे गुरुजींच्या तोंडून मला खरं कळलं. पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही. तेव्हा झाडाच्या अंगातली संप्रेरकं कामाला लागतात. इथिलीन नावाचा वायू पाण्यामुळे बाहेर पडत नाही, अंगातच साचतो. तो आणि ऑक्सिन नावाचं दुसरं संप्रेरक मिळून खोडाला नवी मुळं फोडायला लावतात. त्या मुळांतल्या पोकळ्यांमधून हवा खेळते. म्हणजे ऊस स्वतःला वाचवत होता, आणि मी त्याचा श्वास तोडत होतो. हे ऐकलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दहा-बारा दिवसांत ऊस पिवळा पडला, शेंडे वाळले. हिरवी राहिली ती फक्त चार बेटं. पाटील आले, वाळलेले शेंडे बघितले आणि बोलीप्रमाणे जमीन परत घेतली. केराबाईने त्या बेटांच्या मुळांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"इळ्याचा काय दोष, केराबाय," तिप्पण्णा म्हणाला.

"व्हय, हात माजाच हुता. धार गेली म्हनून हितं चार वाचली."

तिने मला बांधावर ठेवलं आणि लेकरांना घेऊन सांगोल्याची वाट धरली. मला तिने सोबत नेलं नाही.

मित्रांनो, पिकावर अनोळखी काही दिसलं तर आधी शेजाऱ्याला विचारा. मला थांबता येत नव्हतं. तुम्हाला येतं.