कानटोपीतला आवाज

भास्करराव लेले नाटकात वाक्य विसरले, असं रत्नागिरीत कुणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्याने त्यालाच डोक्यावर गार पाणी मारून घ्यायला लावलं असतं. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर व्हायला त्यांना चार महिने उरले होते, पण गावाने त्यांना क्लार्क म्हणून कधी मोजलंच नाही. तीस वर्षं हौशी मंडळाच्या नाटकात मुख्य काम त्यांचं. प्रॉम्प्टरला ते 'कुबडी' म्हणायचे, आणि मंडळाची प्रॉम्प्टर त्यांची स्वतःचीच बायको असल्यामुळे घरातसुद्धा म्हणायचे. उमा ते हसण्यावारी न्यायची. विंगेत वही उघडून ती बसे खरी, पण नवऱ्याचं वाक्य नवऱ्याला सांगायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती.

ती आली चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर. स्पर्धेच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. दुसऱ्या अंकात भास्कररावांनी अख्खं पान गाळलं आणि गाळल्याचं त्यांना कळलंही नाही. बाकीच्यांना वाटलं, दमलेत. उमाला तसं वाटलं नाही, कारण घरातलं तिला ठाऊक होतं. एकच गोष्ट तासाभरात तीनदा विचारायचे. चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधायचे, तो तर विनोदच झाला होता. पण एकदा मारुती मंदिरापाशी उभं राहून, आपलं घर कोणत्या हाताला, याचा ते विचार करत होते. हे त्यांनीच हसत हसत सांगितलं, पण तिला हसू आलं नाही. 'माणसं तर नीट ओळखतायत,' असं म्हणून ती स्वतःची समजूत घालायची. तेवढी एक गोष्ट तिने घट्ट धरून ठेवली होती.

नाटकात त्यांचं काम होतं एका म्हाताऱ्या तांडेलाचं. जन्मभर गलबत हाकलेला हा माणूस शेवटच्या अंकात आपल्या घराच्या ओटीवर उभा राहून सात मिनिटं एकटा बोलतो. जयगडच्या खाडीच्या तोंडाशी वादळात त्याने आपल्या जोडीदाराचा हात सोडला होता, ते चाळीस वर्षांनी कबूल करतो. सगळं नाटक त्या सात मिनिटांवर उभं होतं. ओटी रंगमंचाच्या मधोमध, दोन्ही विंगांपासून लांब. तिथवर कुजबूज पोचत नाही, आणि मोठ्याने सांगावं तर पुढच्या रांगेतले परीक्षक पेन्सिल उचलतात. त्याहून वाईट म्हणजे सगळ्या गावाला कळलं असतं. एकदा कळलं की काम दुसऱ्याकडे जाणार, आणि कचेरी गेली, नाटकही गेलं, तर या माणसाकडे उरणार काय? या एका प्रश्नाने उमाची झोप उडाली.

शेवटी ती श्रीपतीकडे गेली. श्रीपती तिचा मावसभाऊ, रामआळीजवळ रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवायचा. रेडिओ बिघडलेले नसले तरी उघडून बघायची खोड. त्याने ऐकून घेतलं, कान खाजवला आणि म्हणाला, "उमाताय, आठ दिवस दे मला. आणि रडू नको, दुकानात गिऱ्हाईक येतंय."

आठव्या दिवशी त्याने साबणाच्या डबीएवढी एक पेटी आणली. तिला जोडलेल्या माइकमध्ये उमाने हळू बोलायचं. भास्कररावांच्या बंडीच्या खिशात छोटा ट्रान्झिस्टर, त्याची वायर मानेमागून वर, आणि कानात बोंड. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवला की उमाचा आवाज थेट कानात. बोंड दिसू नये म्हणून तांडेलाला पहिल्या प्रवेशापासून कानटोपी घालायची ठरली. दिग्दर्शकाला सांगितलं, म्हाताऱ्याला थंडी सोसत नाही. दिग्दर्शकाला ती कल्पना इतकी आवडली की दोन दिवसांनी ती त्याचीच झाली.

भास्कररावांनी आढेवेढे घेतले नाहीत. उलट ते लगेच कबूल झाले, याचीच उमाला जास्त भीती वाटली. "अगो, स्पर्धा आहे. असू दे जवळ," एवढंच म्हणाले आणि तिच्याकडे न बघता कानटोपी चाचपत बसले.

अंगणात सगळं छान चाललं. उमा तुळशीपाशी, ते कुंपणाच्या गडग्यापाशी, आणि कुजबुजलेला शब्दन्‌शब्द त्यांना ऐकू जात होता. पण ते माजघरात गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आत नुसती खरखर."

"दीड हात चिऱ्याची भिंत आहे, भावजी," श्रीपती म्हणाला. "मोकळ्यावर आवाज कुठेही जातो हो. घराच्या आत न्यायचा म्हणजे दर भिंतीला विचारावं लागतं. थिएटरात काय काय आडवं येईल ते तिथं गेल्याशिवाय कळायचं नाही."

तिघांशिवाय हे कुणालाही कळता कामा नये, ही उमाची अट होती. तिने ती दोघांकडून वदवून घेतली.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी, 'लाइट बघायच्यात' असं सांगून श्रीपती दोघांना थिएटरात घेऊन गेला. वर पत्र्याचं छप्पर, मागे लोखंडी शटर, विंगेच्या आड लोखंडी खांब. उमा विंगेतून तांडेलाची वाक्यं म्हणत राहिली आणि श्रीपती कानात बोंड घालून रंगमंचभर फिरला. जिथे आवाज गप्प होईल तिथे खडूने फुली मारत गेला. अकरा फुल्या झाल्या. तीन तर ओटीवरच होत्या. उमाने वही मिटली.

"थांब गो," श्रीपती म्हणाला. "इथून लांबवर फेकलेला आवाज वाटेत मरतो. आपण तो जवळच नेऊन ठेवू."

त्याने पेटीला लांब वायर जोडली, ती सतरंजीखालून विंगेतून मागे नेली आणि ओटीच्या मागच्या बाजूने फिरवून, ओटी पुढे ओढली तरी पुरेल एवढी सैल ठेवून पुन्हा विंगेत आणली. ओटी बांबूच्या सांगाड्यावर उभी होती, आणि पावसाळ्यात घरोघरी लावतात तसे माडाच्या झावळ्यांचे झाप तिला तीन बाजूंनी बांधले होते. झापातून वारा जातो तसा आवाजही गेला. श्रीपतीने ओल्या फडक्याने एकेक फुली पुसली. शेवटची पुसून झाली तेव्हा उमाला त्या दिवसात पहिल्यांदा भूक लागली. तिघं घरी जाऊन पोटभर जेवले.

चार वाजता प्रयोग सुरू झाला. थिएटर भरलं होतं, बायका मागे उभ्या होत्या. पहिल्या अंकात भास्कररावांना उमाची गरज दोनदा लागली, दुसऱ्यात सहादा. दर वेळी ते थांबत, समुद्राकडे बघितल्यासारखं करत, उमा माइकमध्ये कुजबुजे आणि वाक्य खणखणीत बाहेर पडे. लोकांना तो थांबण्याचा अभिनय फार आवडला. तिच्या शेजारी पाटावर बसून श्रीपती पेटीच्या कळीवर बोट ठेवून होता, आणि दोघांच्याही अंगाला घाम फुटला होता.

दुसरा अंक संपला. तोवर मागच्या पडद्याआड असलेली ओटी पुढे ओढून आणली गेली आणि उमा बघतच राहिली. झाप नव्हते. तिन्ही बाजूंना आणि वरच्या उतरत्या छपराला नवेकोरे पत्रे ठोकले होते.

मंडळाचा सुतार बाबल्या, तीस वर्षांत ज्याने एक खिळा वाकडा मारला नाही असा माणूस, बाजूला उभा राहून तारीफ ऐकायची वाट बघत होता. "दोन वाजता आलो नि मारून टाकले, वैनी," तो म्हणाला. "झापाचा कचरा पडत व्हता. आताशा कोन झाप लावतो? समदे पत्रेच मारतात. परीक्षक काय म्हनतील, ह्यांच्याकडं पत्र्यालापन पैसं नाय?"

"मागे वायर होती, बाबल्या," श्रीपती म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"लायटीची असंल म्हनून हात नाय लावला. हाय तशीच हाय मागं."

म्हणजे वायर पत्र्याच्या पलीकडे आणि भास्करराव पत्र्याच्या आत. श्रीपतीने उमाच्या कानाशी सांगितलं, "डबा झालाय डबा. आत काही शिरायचं नाही." मग बाबल्याला म्हणाला, "काढ ना रे ते. दहा मिनिटांत निघतील."

"का पन?" बाबल्याने विचारलं. खरंच, का? दिग्दर्शक आला, बाकीची माणसं गोळा झाली. सगळ्यांच्या मधे कानटोपी घातलेले भास्करराव उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं. हे विसरतात, यांच्या कानात रेडिओ आहे, तो पत्र्याआड चालत नाही. श्रीपती उमाकडे बघत राहिला. बाबल्याला आठ दिवस आधी विश्वासात घेतलं असतं तर त्याने पत्र्याचा विचारही केला नसता, उलट जीव टाकला असता या माणसासाठी. हे सगळं उमाला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तरी तिचं तोंड उघडलं नाही. तिसरी घंटा झाली.

पडदा वर गेला. भास्करराव ओटीवर चढले. पहिली चार वाक्यं त्यांची त्यांनीच म्हटली. "खाडीच्या तोंडाशी पाणी फिरलं तेव्हा..." आणि ते थांबले.

लोक शांत. थांबण्याची सवय झाली होती त्यांना. उमा माइकमध्ये बोलली. पुन्हा बोलली. भास्कररावांनी कानटोपीवरून कान दाबला. मग मान वळवली, एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले. आवाज कुठे सांडलाय का ते शोधल्यासारखं. त्यांचे डोळे तिने कधी पाहिले नव्हते असे झाले होते. नाटकातल्या तांडेलाचे नव्हते ते. पहिल्या रांगेत एक परीक्षक पुढे झुकला. मागे कुणीतरी खोकलं.

उमाने माइक श्रीपतीच्या हातात दिला. विंगेत सामानात एक सूप पडलं होतं, ते उचललं, पदर खोचला आणि ती सरळ रंगमंचावर गेली. प्रेक्षकांसमोर ती जन्मात कधी उभी राहिली नव्हती. ती ओटीच्या कडेला बसली, रिकामं सूप पाखडू लागली, आणि मान वर न करता म्हणाली, "पाणी फिरलं, नि शिडाचा दोर तुटला. होय ना?"

भास्कररावांनी तिच्याकडे बघितलं.

"शिडाचा दोर तुटला," ते हळू म्हणाले. "नि सखाराम... सखाराम पाण्यात..."

"त्याचा हात तुमच्या हातात होता."

"हात माझ्या हातात होता."

अशी पाच-सहा वाक्यं झाली. तिने अर्धं म्हणायचं, त्यांनी पुरं करायचं. मग एका वाक्याला ती बोलायच्या आत ते बोलले, पुढचं त्याच्या मागोमाग आलं, आणि अडलेलं सगळं धो धो बाहेर पडलं. सूप तिच्या हातात तसंच राहिलं. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि थिएटरात मागे उभ्या असलेल्या बायका डोळे पुसत होत्या. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

पडद्यामागे एकच गलका झाला. दिग्दर्शक उमाला म्हणाला, "काकू, आधी सांगायचंत तरी," आणि त्याच दमात, ही कल्पना आपल्याला मागेच सुचली होती, असंही म्हणाला. बाबल्या पत्र्यावर हात फिरवत होता. उमाला कशाचंच काही वाटत नव्हतं. झालं एकदाचं, निभावलं, एवढंच मनात. तिचा नवरा ओटीच्या पायरीवर बसला होता, त्याच्याशेजारी जाऊन ती बसली. तिला वाटलं, आता 'कुबडी' म्हणतील. आज तिला ते ऐकायचं होतं.

भास्कररावांनी घाम पुसला. मग अदबीने जरा बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

"छान केलंत हो काम," ते म्हणाले. "फार सांभाळून घेतलंत मला. मंडळात नवीन आलात का आपण?"

थट्टेची रेघही नव्हती त्या चेहऱ्यावर. तो चेहरा स्वच्छ होता, समाधानी होता, आणि उत्तराची वाट बघत होता.

तिने हात वर करून त्यांची कानटोपी उतरवली, कानातलं बोंड अलगद काढलं. त्यातून अजून बारीक खरखर येत होती. खिशातला ट्रान्झिस्टर तिने बंद केला.

"हो," ती म्हणाली. "आजच आले."