ताईपर्यंतचा दोरा

ही गोष्ट १९७४ सालची. त्या काळी विमानात बसून आलेल्या माणसाला बघायला अख्खी गल्ली जमायची.

शिंपिणीची थोरली ताई लग्न होऊन जगाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलेली. तिचं पत्र आलं : 'मंगळवारी दुपारी चारला हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी तुझं तोंड दिसलं तर बरं.' विमान आठवड्यातून एकच, तेही मंगळवारी सकाळी आठचं.

शिंपिणीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा; ताई त्याला टिकटिकराव म्हणायची. "वेळेचा हिशेब मी दुसऱ्याला विचारू?" असं म्हणत त्याने विमान कंपनीत न जाता भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. "चौदा हजार किलोमीटर. ताशी नऊशे. सोळा तास धर. पोचायला रात्रीचे बारा. त्यापेक्षा पत्र लिही."

ती परत शिवायला बसली. काजं करताना सुई दोनदा बोटात घुसली.

कोट न्यायला आलेल्या भूगोलाच्या बाईंनी तिचा चेहरा पाहून सगळी हकिगत काढून घेतली, आणि संध्याकाळी शाळेतला पृथ्वीचा गोल काखोटीला मारून हजर झाल्या.

गोल पाहताच शिंपिणीचे हात शिवशिवले. "अहो, सपाट कापडावरचं माप खांद्यावर कधी बसलंय का?" दोन शहरांवर दोरा धरून तिने तो ताणला. दोरा समुद्रावर थांबेचना. सरकत सरकत थेट वरच्या पांढऱ्या बर्फावर गेला.

"भलतीकडेच चाललाय," नवरा म्हणाला.

"जवळची वाट तीच, विमानंही तिथूनच जातात," बाई म्हणाल्या.

गोलाचा घेर चाळीस हजार किलोमीटरचा. दोरा त्याच्या बरोबर चौथ्या हिश्शाएवढा भरला.

"दहा हजार! म्हणजे अकरा तास." नवऱ्याने डोकं खाजवलं. "तरी संध्याकाळचे सात. तीन तास उशीरच."

"ते इथले सात. तिथे सूर्य आठ तास उशिरा उगवतो, तेव्हा सकाळचे अकरा असतील," बाई म्हणाल्या.

त्याच्या डोळ्यावरचं भिंग गळून पडलं. "आठला निघून अकराला? आणि मधले आठ तास?"

"तुमच्या घड्याळांच्या पेटीत नाहीत हो ते," बाई हसल्या.

मंगळवारी ती खिडकीशी बसली. खाली तासन्‌तास बर्फ, न माणूस न वाट, आणि सूर्य आपला विमानाच्या सोबतीने चाललेला, मावळायचं नावच नाही. एवढं मोठं जग, आणि त्याच्यावरून आपला दोरा गेला होता! तिने हात जोडले, कुणाला ते तिलाही कळलं नाही.

दीड वाजता ती ताईच्या खाटेपाशी होती. ताई डोळे मोठे करून म्हणाली, "टिकटिकरावांनी सोडलं होय तुला?" मग दोघी बहिणी अडीच तास नुसत्या बोलत राहिल्या.

ताई त्यानंतर अठरा वर्षं जगली. टिकटिकरावांनी दुकानात तिच्या गावाच्या वेळेचं दुसरं घड्याळ लावलं, आणि ताई गेल्यावरही रोज त्याला किल्ली दिली, स्वतः जाईपर्यंत. बाई निवृत्त झाल्या, तेव्हा शाळेने मोडीत काढलेला तो गोल त्यांनी शिंपिणीच्या घरी आणून ठेवला. तिला आता दिसत नाही. पण कुणी ताईचं नाव काढलं, की ती गोल मांडीवर घेते आणि बर्फावरून बोट फिरवते. अजून एकदाही चुकलेलं नाही.