डीपीची पत्रिका

बंदूक आणणाऱ्याने आधी गोष्ट सांगायची नाही, असा रंगनाथरावांच्या घरचा नियम होता. रायफल टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायचं. गोष्ट कानावर पडली की बोटंसुद्धा खोटं बोलायला लागतात, असं ते म्हणत.

एकतीस वर्षं त्यांनी लष्कराच्या एका डेपोत आर्मरर म्हणून बंदुका दुरुस्त केल्या होत्या. निवृत्तीनंतर ते बिबवेवाडीतल्या फ्लॅटमध्ये राहत. परवानाधारक दुकानदार जुन्या शिकारी रायफली त्यांच्याकडे ओळखायला आणत. नळी कुठली, बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलून घर बंद करणारा दांडा, त्याच बंदुकीचा की दुसरीचा, बंदूक जन्मापासून शिकारी आहे की लष्करी रायफल कापून-तासून तिला शिकारी केलंय, हे ते एका कागदावर लिहून खाली सही करत. त्या कागदाला सगळे पत्रिका म्हणत. लग्नाआधी दाखवतात तशी बार काढायच्या आधी दाखवायची पत्रिका.

२००४ सालच्या नवरात्रात तात्याराव दुकानदार एक पार्टी घेऊन आले. पार्टीचं नाव सौरभ, वय पस्तीस, आयटी कंपनीत मॅनेजर. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र रविवारीसुद्धा गळ्यातच. मागून पन्नाशीचा एक माणूस रायफलची लांब पेटी खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला. त्याने पेटी टेबलाशी ठेवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

"तो आमचा माऊली," सौरभ म्हणाला. "धायरीच्या पुढे फार्महाउस बांधलंय ना, तिथला केअरटेकर. जमीन त्यांचीच होती आधी. सो, ही इज लाइक फॅमिली."

फॅमिलीला कोणी खुर्ची दिली नव्हती. रंगनाथरावांनी पाण्याचा तांब्या बाहेर नेऊन दिला.

"दमलात?"

"न्हाय, सवय हाय," माऊली म्हणाला.

आत तात्यारावांनी नियम मोडला होता. त्यांच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. एका संस्थानिकाच्या शिकारखान्यातली रायफल, तीन वाघ टिपलेली, कोठीत साठ वर्षं पडून होती, वगैरे वगैरे. "आणि पुरावा बघा, रंगनाथराव. नळीच्या मुळाशी डीपी कोरलंय. दरबार प्रॉपर्टी."

पुण्यात डीपी म्हटलं की माणसाला विकास आराखड्यातला रस्ता आठवतो, आणि रस्त्यात कोणाची जमीन गेली नि कोणाची वाचली ते आठवतं. दरबार आठवलेला हा पहिलाच गृहस्थ.

रंगनाथरावांनी दिवा ओढला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवायला सुरुवात केली. मूळच्या शिकारी रायफलीच्या पाठीवर, बोल्टच्या वर, मोकळी जागा असते. लष्करी बंदुकीला तिथे गोळ्यांची पट्टी खोचायला पोलादी पूल असतो. इथे पूल नव्हता, पण दोन्ही कडांना अंगठ्याला उंचवटे लागले. पूल कापून, घासून टाकला होता. दस्त्याजवळच्या पोलादी पट्टीवर, जिथे ब्रिटिश लष्करी बंदुकीवर राजमुकुट आणि बनावटीचं साल असतं, तिथे नख फिरवलं तर ते खोलगट भागात उतरलं. तेही घासलेलं. बोल्टवरचा नंबर एक, अंगावरचा दुसरा. वरून निकेलचा मुलामा, नवरीला चढवावा तसा.

मग त्यांनी डोळे उघडले आणि डीपी पाहिलं. डीच्या पोटाला एक बारीक खाच होती.

ती खाच त्यांच्याच पंचची, अक्षरं ठोकायच्या ठशाची होती. हे अक्षर त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकलेलं होतं.

१९७३ साली रेंजवर एक झिजलेली रायफल फुटली, तेव्हा ती बद्रीनाथच्या हातात होती. बद्रीनाथ त्यांच्या शेजारच्या बाकावर काम करायचा, तबला वाजवायचा. उजव्या हाताची तीन बोटं गेली, आणि ती शोधायला गवतात रंगनाथरावच गेले होते. त्यानंतर साहेबांनी निकामी बंदुका वेगळ्या काढायला सांगितलं, तेव्हा पंच त्यांनी मागून घेतला. डी आणि पी. ड्रिल पर्पज. फक्त कवायतीसाठी. कॉलेजातल्या पोरांनी खांद्यावर घेऊन डावा-उजवा करावं, गोळी कधीही घालू नये. कोणी चुकून घालू नये म्हणून गोळी बसते त्या घरातच भोक पाडलेलं असायचं.

त्यांनी बोल्ट काढून नळीत उजेड टाकला. भोक वेल्डिंगने बुजवलं होतं आणि वरून पॉलिश केलं होतं. गोळीच्या बुडाला ठोका देणारी बोल्टमधली सुईही नवी बसवलेली होती.

त्यांना किळस आली. जेवणात झुरळ निघाल्यावर येते तशी. मुकुट घासला, साल घासलं, पूल कापला, आणि सावध करणारी दोन अक्षरं तेवढी ठेवली, कारण त्यांची गोष्ट चांगली होत होती.

"तात्याराव, भोक तुम्ही बुजवलंत की तुम्हाला बुजवून मिळालं?"

"कसलं भोक?" तात्याराव छताकडे बघत म्हणाले.

रंगनाथरावांनी मग सगळं सौरभला सांगितलं, शाळेत शिकवावं तसं, बद्रीनाथच्या बोटांसकट. ही उडवली तर नळीच्या मुळाशी फुटेल आणि गाल, डोळा, हात, जे जवळ असेल ते घेऊन जाईल.

सौरभने ऐकलं. चेहरा उतरला, पण बोटांसाठी नाही. "काका, प्रॉब्लेम असाय की खंडेनवमीला ऑफिसचे पन्नास लोक बोलावलेत. शस्त्रपूजा, मग बाबांच्या हातनं पहिला बार. सगळ्यांना रॉयल रायफल म्हणून मेल गेलाय. मेटल तर ओरिजिनल आहे ना? एक बार तर सहन करेल?"

"करेलही. एखादवेळेस."

"मग तुम्ही फक्त डीपी कन्फर्म करा. दरबार लिहू नका हवं तर. नुसतं डीपी लिहा."

तात्यारावांनी मान डोलावली. "खोटं तर होत नाही त्यात."

रंगनाथराव दोघांकडे पाहत राहिले. एकाला विकायची घाई, दुसऱ्याला मिरवायची, आणि मध्ये त्यांनी तीस वर्षांपूर्वी ओरडून ठेवलेली दोन अक्षरं. यांना हाकलावं असं त्यांच्या फार मनात आलं. पण हाकलून काय होणार? सही करणारा दुसरा कोणी सदाशिव पेठेत नाही तर रास्ता पेठेत मिळालाच असता. त्यांनी कागद ओढला.

लिहिलं ते असं. कूळ लष्करी, शिकारीचं सोंग अलीकडचं. बोल्ट परका. डीपी म्हणजे फक्त कवायतीसाठी, शिक्का माझ्या हातचा. गोळीच्या घरातलं भोक बुजवलेलं. उडवल्यास उडवणाऱ्याच्या जिवाला धोका, हे मालकाला आज समजावून सांगितलं. खाली सही केली, तारीख घातली आणि शेवटी एक ओळ रिकामी सोडली. पहिला बार काढणाऱ्याचं नाव.

"हे तुम्ही भरा," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं. त्यांना खात्री होती की बापाचं नाव लिहिताना पोराचा हात थांबेल. कोणाचाही थांबेल.

सौरभचा हात थांबला खरा. त्याने कागद वाचला, परत वाचला. बापाचं नाव त्याने लिहिलं नाही. थोडा विचार केला आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"टेस्टिंग," तो म्हणाला. "आमच्याकडे लाइव्ह जायच्या आधी टेस्टिंग करतात, काका. आदल्या दिवशी शेतात एक बार काढून बघू. नीट निघाला तर मग बाबा." आणि त्याने सुबक अक्षरात लिहिलं, माऊली.

तात्यारावांनीसुद्धा मान खाली घातली. रंगनाथरावांनी कागद सौरभच्या हाताखालून काढून घेतला आणि घडी न घालता तसाच धरला.

"पत्रिका द्या ना," सौरभ म्हणाला.

"ही तुमच्यासाठी नाही. उद्या सकाळी पोलिसांच्या परवाना शाखेत जाईल. सही माझी आहे, पण नाव तुमच्या अक्षरात आहे, ते बरं झालं."

"काका, आय वॉज जस्ट..."

रंगनाथरावांनी दार सताड उघडलं. "माऊली, आत या. खुर्चीवर बसा."

माऊली संकोचत आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. रंगनाथरावांनी त्याला सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवला. सोपं करून, पण एकही शब्द न गाळता. बद्रीनाथची तीन बोटंही सांगितली. शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

माऊलीला वाचता येत होतं. त्याने ओळ स्वतः वाचली.

"माझंच नाव हाय व्हय?" त्याने विचारलं.

सौरभ खिडकीबाहेर बघत होता. माऊली उठला, दाराबाहेर गेला, चपला पायात सरकवल्या. पेटीकडे सवयीने वळला आणि थांबला.

"पेटी तुमची तुम्ही आना, सायेब," तो म्हणाला आणि जिना उतरू लागला.