चव सांग ना

जेवणाच्या टेबलावर, पावाच्या टोपलीशेजारी, पोटावर निळं फूल रंगवलेला मातीचा कुजा दिसतोय ना तुम्हाला? तो मी. पोर्तुगालच्या दक्षिणेकडच्या, आलेंतेजोच्या तांबड्या मातीचा. चाकावर फिरलो, भट्टीत तापलो आणि जत्रेत मांडला गेलो. तिथे सिल्विनो न्हाव्याने मला टिचकी मारून पाहिली. मी खणखणीत वाजलो. "हा आपला!" तो बायकोला म्हणाला. लग्नानंतरची त्यांची ती पहिलीच जत्रा होती.

तेव्हापासून माझं काम एकच. गावातल्या द्राक्षवाल्यांच्या सोसायटीत मोठ्या टाक्या आहेत. सिल्विनो तिथून डब्यातून वाईन आणायचा. तांबडी माझ्यात ओतायचा, पांढरी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचा. तांबडी त्याची, पांढरी देओलिंदाची, म्हणजे त्याच्या बायकोची. ना त्या वाईनला नाव, ना कसला डौल. साधी, स्वस्तातली, रोजच्या जेवणाबरोबर घ्यायची.

सिल्विनो सकाळभर गिऱ्हाइकांच्या कानाशी बोलायचा आणि दुपारी घरी येऊन आमच्याशी बोलायचा. पहिला घोट घेतला की निकाल तयार. "यंदाची तांबडी अगदी माझ्या सासऱ्यासारखी. आधी गुरकावते, मग गळ्यात पडते!" कधी म्हणायचा, "ही पावसात भिजून आलीय, अंगात दमच नाही." पांढरीबद्दलही तोच बोलायचा, न पिता. "पांढरी म्हणजे काय, बायकांचं सरबत!" देओलिंदा सार्डिन माशाचे काटे काढत ऐकत राहायची. "तुझी कशी आहे गं?" असं त्याने चुकून कधी विचारलंच, तर ती तोंड उघडेपर्यंत हा भलत्याच गोष्टीवर गेलेला असायचा.

माणसांचं मला नवल वाटतं. एका टेबलाशी जन्म काढतात, समोरच्याच्या ताटात काय वाढलंय ते बघतात. त्याला ते कसं लागतंय, हे मात्र विचारायचं राहून जातं.

मग सिल्विनोचं यकृत बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "वाईन बंद. एक थेंबसुद्धा नाही." देओलिंदाने मला धुतलं, पुसलं आणि कपाटावर पालथं घातलं.

वाईन सुटली तसं सिल्विनोचं बोलणंही सुटलं. दुकान बंद झालं. पुढ्यातलं सूप गार व्हायचं, पावाचा तुकडा तसाच राहायचा. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. "अरे, दोन घास तरी खा," देओलिंदा विनवायची. "खायला काय, चव कुठे लागतेय?" म्हणून तो भिंतीकडे बघत बसायचा. आजाराने नाही, पण उपासानेच हा माणूस जाईल, असं मला वाटायला लागलं. तिलाही वाटत असावं. ती कोपऱ्यात वळून डोळे पुसायची.

एके दुपारी तो अचानक म्हणाला, "कुजा काढ खाली. तुझी बाटलीही आण."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मी नाही पिणार. तू पी, आणि कशी लागते ते मला सांग. तेवढं काही बाईंनी बंद केलेलं नाही."

देओलिंदाने आपली पांढरी आणली. घोट घेतला. बराच वेळ विचार करून म्हणाली, "थंड आहे."

"थंड तर बर्फही असतो! चव सांग ना, चव!"

"मला नाही रे जमत असलं. बोलणारा तू."

"पिणारा होतो, म्हणून बोलणारा होतो. आता तू पिणारी."

तिने दुसरा घोट घेतला. "लिंबाचं पान चुरगळलं की बोटांना वास लागतो ना, तशी आहे. मग कच्चं सफरचंद. आणि शेवटी जिभेवर जरासं मीठ राहतं." सिल्विनोने चमचा उचलला. सुपाचा घोट घेतला. "हं, पुढे?"

असं रोज सुरू झालं. ती बोलायची, तो जेवायचा. पुढे एकदा तो म्हणाला, "आज तांबडीचं सांग. आवडत नसली तरी माझ्यासाठी घे एक घोट."

तिने सोसायटीतून तांबडी आणून माझ्यात भरली, मग ग्लासात ओतली आणि मी धास्तावलो. कारण मला एक गोष्ट माहीत होती.

"आधी धुराचा वास येतो," ती सावकाश म्हणाली, "शेकोटी नुकती विझावी तसा. मग पिकलेली काळी अंजिरं. गेल्या वर्षीची तुरट होती, ही मऊ आहे. त्याआधीची मात्र छान होती, मिऱ्यासारखी चुरचुरायची."

सिल्विनोचा चमचा थांबला. "गेल्या वर्षीची तुला काय ठाऊक?"

देओलिंदाने ग्लास खाली ठेवला. "तुझ्या ग्लासात तळाला राहायची ना. भांडी घासताना प्यायचे मी."

"मोरीपाशी? उभ्याने?"

"हो."

"मग पांढरी कशाला पीत होतीस?"

"नवी नवरी म्हणून आले तेव्हा तुझ्या आईने माझ्यापुढे पांढरी ठेवली. तांबडीने बायकांचे दात काळे होतात म्हणाली. तू शेजारीच बसला होतास. मग तू आणतच राहिलास."

"मला वाटलं, तुला तीच आवडते!"

"वाईट नव्हती रे. पण जीव तांबडीत."

सिल्विनो चिडेल, नाहीतर हसण्यावारी नेईल, असं मला वाटलं. पण तो अगदी हळू म्हणाला, "आणखी काय काय सांगितलं नाहीस?"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आधी जेव. सांगते."

आणि तिने सांगितलं. तिला सायकल शिकायची होती. त्याने हौसेने दिलेला स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिला कधीच आवडला नव्हता. त्यांचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, त्याचं तिने मनात ठेवलेलं नाव त्या दुपारी पहिल्यांदा तिच्या ओठांवर आलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते त्या दोघांचं आहे. सिल्विनोने ते नाव दोनदा उच्चारलं, आणि ताट बाजूला सारून तिचा हात धरला.

पुढे तो बराच काळ जगला. जेवला, ऐकत राहिला. अखेर अंथरुणाला खिळला तेव्हा डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "आता हवं ते द्या त्यांना." देओलिंदाने मला उचलून नेलं आणि चमच्याने त्याचे ओठ तांबडीने ओले केले. त्याने ती जिभेवर किती तरी वेळ घोळवली.

"कशी आहे रे?" तिने विचारलं.

"तू सांगायचीस ती जास्त चांगली होती," तो म्हणाला.

आता सिल्विनो नाही. माझ्या बुडाला बारीक तडा गेलाय. माझ्याखाली बशी ठेवावी लागते, तरी देओलिंदा मला सोडत नाही. दुपारी जेवायला बसते, माझ्यातली तांबडी आपल्या ग्लासात ओतते आणि खुर्चीवर आरामात टेकून पिते.

आम्हा मातीच्या भांड्यांचा काय भरवसा! म्हणून जाण्याआधी एक मागणं मागतो. जेवताना समोरच्या माणसाला कधी तरी विचारा, कसं लागतंय. आणि विचारल्यावर, कृपा करून, जरा थांबा.