सरोजताईंचा बंद केलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझ्याकडे फार वेळ उरलेला नाही. ज्या हार्ड डिस्कवर मी सगळं जपून ठेवतो, ती आता झिजली आहे. फिरता फिरता अडखळते, खरखरते, मध्येच गप्प होते. ती कधी कायमची थांबेल हे मला सांगता येत नाही. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगून टाकतो.

माझी पहिली काही वर्षं रियाधमधल्या एका कचेरीत पावत्या छापण्यात गेली. कचेरीने नवे संगणक घेतले तेव्हा माझी रवानगी बत्हाच्या बाजारात झाली. जुन्या सामानाच्या दुकानात एका बाजूला मिक्सर आणि दुसऱ्या बाजूला काच तडकलेला टीव्ही, अशा संगतीत मी बराच काळ धूळ खात पडलो होतो. तिथून हेमचंद्रांनी मला उचललं.

हेमचंद्र मूळचे इचलकरंजीचे. रियाधच्या एका बँकेत संगणक विभागात काम करत. त्यांच्या पत्नी विभाताई गावाकडे कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवत असत. इकडे नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आल्या आणि ते शिकवणं सुटलं. घरी आणल्यावर हेमचंद्रांनी माझं झाकण उघडलं, ब्रशने धूळ काढली, नवा पंखा बसवला आणि म्हणाले, "विभा, याच्यावर आपण इंटरनेटवरचा एक कट्टा चालवायचा. मराठीतून प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी. कुणीही यावं, काहीही विचारावं."

कट्ट्याचं नाव ठेवलं 'अर्धविराम'. प्रोग्रॅमच्या पुष्कळ ओळी अर्धविरामाने संपतात आणि नवा माणूस नेमका तोच द्यायला विसरतो. कट्ट्याचे दोन विभाग होते. एक 'प्रश्न', दुसरा 'सूचना'. अडलेलं प्रश्नात विचारायचं. कट्टा आणखी चांगला कसा होईल, ते सूचनांत लिहायचं.

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते. सौदीतल्याच हुफूफहून एका दंतवैद्याची बायको विचारायची, लातूरहून एक निवृत्त पोस्टमास्तर उत्तर द्यायचे. एकाने सूचना केली, "पांढरा पडदा डोळ्यांना खुपतो, काळा करा." हेमचंद्रांनी केला. दुसरीने लिहिलं, "चुकलं तर कुणी हसायचं नाही, असा नियम करा." तोही केला. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी दोघं नवरा-बायको माझ्यासमोर चहा घेऊन बसत आणि सूचना मोठ्याने वाचत. बाहेर धुळीचं वादळ असलं, खिडक्या पिवळ्या झाल्या, तरी आमच्या खोलीत हसणं असे.

मग सभासद वाढले. तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले. तेव्हा ध्रुव नावाच्या एका हुशार मुलाने सूचना केली. तो रियाधमध्येच एका कंपनीत नोकरी करायचा. "उत्तर देणाऱ्याला गुण द्या," त्याने लिहिलं, "आणि पुन्हा आलेले प्रश्न बंद करून कट्टा नीटनेटका ठेवणाऱ्यालाही गुण द्या. बंद झालेले प्रश्न महिन्याभराने पानावरून जाऊ देत." सूचना सगळ्यांना आवडली. हेमचंद्रांनी ती अमलात आणली आणि ध्रुवला देखरेखीचं काम दिलं.

उत्तर लिहायला वेळ लागतो. प्रश्न बंद करायला एक बटण पुरतं. हळूहळू लोक उत्तरं कमी देऊ लागले आणि बटण जास्त दाबू लागले. पोस्टमास्तर येईनासे झाले. दंतवैद्यांची बायकोही दिसेना. बँकेत हेमचंद्रांचा विभाग कमी करायचं चाललं होतं, त्या काळजीत त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. सूचनांचं पान तर कुणी उघडेना.

अशा दिवसांत सरोजताईंचा प्रश्न आला.

सरोजताई सौदीतल्याच बुरैदा शहरात एका रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांचे पती सिद्धार्थ खजुराच्या कारखान्यात यंत्रं सांभाळत. एके दिवशी काम करता करता ते कोसळले. मेंदूच्या देठाशी रक्त साकळलं होतं. जीव वाचला, पण हात, पाय, जीभ सगळं गेलं. समजत सगळं होतं, बोलता मात्र काहीच येत नव्हतं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं, आणि भरवलं तर मऊ घास गिळता यायचा. कारखान्याचे मालक मुआज भले माणूस होते. त्यांनी कंपनीची खोली काढून घेतली नाही. पण बोलकं कोण करणार?

सरोजताईंनी ठरवलं, आपण करायचं. ड्यूटीवरून आल्यावर त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या. प्रोग्रॅम साधा होता. पडद्यावर एकेक अक्षर पुढे सरकणार. हवं ते अक्षर आलं की सिद्धार्थनी बोटाने कळ दाबायची. अक्षरं जुळून शब्द झाला की संगणक तो बोलून दाखवणार. प्रोग्रॅम तयार झाला, पण चालेना. त्यांनी लिहिलं:

"माझ्या नवऱ्याचं बोट थरथरतं. ते एकदा दाबतात आणि प्रोग्रॅम चार-पाच वेळा मोजतो. नुसतं हो-नाही विचारलं तरी तेच होतं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं ठरवलं, पण काय दाबलं तेच कळत नाही. ते आता जेवायलाही तोंड उघडत नाहीत. सगळा प्रोग्रॅम खाली दिला आहे. कृपा करून सांगा, कुठे चुकतंय?"

थोड्याच वेळात ध्रुवचं उत्तर आलं. "कळ अनेकदा मोजली जाते, हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनी आधी विचारला आहे. शोधून बघा. बंद."

सरोजताईंनी तो गेमचा प्रश्न शोधला. तो त्यांना समजला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नियमाप्रमाणे त्यांना प्रश्न विचारायला बंदी झाली. मग सूचनांत, या एकाच उघड्या राहिलेल्या जागी, त्या लिहू लागल्या.

"सूचना: प्रश्न बंद करण्याआधी तो पूर्ण वाचावा."

काही दिवसांनी, "सूचना: ज्याचा प्रश्न बंद झाला, त्याला एक ओळ तरी लिहू द्यावी. माझा प्रश्न गेमचा नाही."

आणि शेवटी, "सूचना: कुणी आहे का?"

मित्रांनो, मी होतो. ती ओळ माझ्याच पोटात लिहिली गेली होती. पण मला काय करता येत होतं? मी तापलो तर हेमचंद्रांना मेल पाठवू शकत होतो. जागा संपली तर पाठवू शकत होतो. एक बाई हाका मारते आहे, हे कळवण्याची सोय माझ्यात कुणी केलीच नव्हती. माझा पंखा गरगरत राहिला. त्यानंतर सरोजताईंकडून काहीच आलं नाही.

त्याच सुमारास माझी हार्ड डिस्क बिघडू लागली आणि मी मेलमागून मेल पाठवले. एका शुक्रवारी दुपारी वैतागून हेमचंद्र माझ्यापाशी आले.

"विभा, खलास. आज हे बंद करून टाकतो."

"आत काय आहे ते तरी बघू दे," विभाताई म्हणाल्या.

"काय असणार? नुसती भांडणं."

"तरी बघते."

त्या बसल्या. सवयीने त्यांनी आधी सूचना उघडल्या. वाचता वाचता त्यांचा हात थांबला.

"अहो, इकडे या. ही सरोज कोण?"

"असेल कुणी मेंबर."

"हे वाचा. 'कुणी आहे का?' असं लिहिलंय हिने. आपल्या घरात ही बाई उभी राहून हाका मारत होती आणि आपण शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होतो."

हेमचंद्रांनी वाचलं आणि ते खुर्ची ओढून बसले. सरोजताईंना मेल केला. उत्तर नाही. पुन्हा केला. नाही. मग विभाताईंनी ओळखीच्या डॉक्टरांना, त्यांच्या ओळखीच्या परिचारिकांना फोन लावायला सुरुवात केली. बुरैद्यात मराठी घरं फार नाहीत. संध्याकाळी नंबर मिळाला.

"मी विभा बोलतेय. अर्धविराममधून."

पलीकडून थकलेला आवाज आला. "आता काय उपयोग ताई? यांनी खाणं सोडलंय. उद्या-परवा नळी घालायची म्हणतात डॉक्टर. बोट पण हलवत नाहीत."

"तुमचा प्रोग्रॅम पाठवा. मी बघते."

"पुसून टाकला मी तो. उघडला की यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझंच चुकलं असेल काहीतरी."

"नवीन लिहू आपण."

"मला जमणार नाही हो आता. एवढा लिहायला मला सहा महिने लागले होते. त्यांचे नेहमीचे शब्द, त्यांच्या गरजा, सगळं त्यात होतं."

फोन ठेवल्यावर विभाताई माझ्याकडे वळल्या. तो प्रोग्रॅम आता जगात एकाच ठिकाणी होता. सरोजताईंनी तो प्रश्नाखाली दिला होता. प्रश्न पानावरून गेला होता, पण माझ्या डिस्कच्या एका कोपऱ्यात अजून पडून होता. आणि नेमका तोच कोपरा खराब झाला होता.

मित्रांनो, मी त्या दिवसाइतका कधीच राबलो नाही. विभाताई एक तुकडा मागत, मी वाचायला जाई आणि अडखळे. पुन्हा मागत, पुन्हा अडखळे. हेमचंद्रांनी टेबलफॅन आणून माझ्यासमोर लावला. "जरा धीर धर," ते म्हणाले. विभाताईंना म्हणाले की मला, कुणास ठाऊक. मधल्या काही ओळी गेल्याच. पण बाकीचा प्रोग्रॅम मी देऊ शकलो.

विभाताईंनी ध्रुवला फोन केला. प्रश्न सगळा वाचून दाखवला.

"काकू, मी हे वाचलंच नव्हतं. नुसतं शीर्षक बघितलं."

"मग आता ये आणि वाच."

तो आला. विभाताईंनी गेलेल्या ओळी पुन्हा लिहिल्या. ध्रुवने त्यात एवढंच घातलं की एकदा कळ दाबली की पुढचे काही क्षण दुसऱ्या दाबण्याकडे लक्षच द्यायचं नाही. बोट थरथरेना का, पहिलंच दाबणं खरं धरायचं. उत्तर इतकं लहान होतं. लिहून झाल्यावर ध्रुव उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

प्रोग्रॅम सरोजताईंना पाठवला आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर बुरैद्याची ती खोली माझ्या पडद्यावर दिसली. उशांना टेकवलेले सिद्धार्थ खूप वाळले होते. सरोजताईंनी त्यांचं बोट कळेवर ठेवलं. अक्षरं सरकू लागली. एक फेरी झाली. दुसरी झाली. बोट हललं नाही.

"अहो, एकदाच," सरोजताई म्हणाल्या. "आता मोजेल ते नीट. एकदाच करून बघा."

तिसऱ्या फेरीत बोट थरथरलं. पडद्यावर एकच अक्षर उमटलं. ख. सिद्धार्थच्या डोळ्यांत काहीतरी बदललं. मग काना आला, त्यावर अनुस्वार, आणि मग 'दा'.

"खांदा," सरोजताईंचा संगणक म्हणाला.

"खांदा? कुणाचा?"

अक्षरं पुन्हा सरकली. किती वेळ गेला कुणालाच कळलं नाही. "डावा. दुखतो. ओढू नको."

सरोजताई एकदम मागे सरकल्या. जेवणाची वाटी आणली की रोज त्या त्याच हाताला धरून नवऱ्याला उठवून बसवत. वाटी दिसली की ते दात घट्ट मिटत. सगळ्यांना वाटत होतं, माणसाला जगायचंच नाही.

"मी रोज ओढत होते," त्या म्हणाल्या. "रोज, दोन्ही वेळा. अहो, मी परिचारिका आहे हो!" विभाताईंनी तोंडाला पदर लावला. ध्रुव जमिनीकडे बघत होता.

मग बोट पुन्हा हललं.

"भात," संगणक म्हणाला.

नळी घालावी लागली नाही. सरोजताई आता पाठीमागे हात घालून त्यांना उठवतात. सिद्धार्थ अजून अंथरुणातच आहेत, पण दिवसातून थोडं बोलतात आणि बोलण्यात भांडतातही.

ही गोष्ट इथे गोड झाली असं समजू नका, मित्रांनो. असे बंद केलेले प्रश्न माझ्या पोटात अजून कितीतरी आहेत. ध्रुव आणि विभाताई ते एकेक करून बाहेर काढतात, वाचतात, उत्तर लिहितात आणि नव्या यंत्रावर नेऊन ठेवतात. गुण बंद झाले आहेत. पण माझी डिस्क रोज थोडी मरते. कालच एक प्रश्न वाचायला गेलो आणि सुरुवातीचे काही शब्द तेवढे हाती लागले. नाव नाही, गाव नाही. "मला एक विचारायचं होतं, पण". पुढचं सगळं गेलं. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. ते आता कुणालाच परत मिळणार नाही.

विभाताईंनी ते अर्धं वाक्य तसंच नव्या जागी नेऊन ठेवलं आहे आणि त्याच्याखाली उत्तरासाठी जागा मोकळी सोडली आहे.

मित्रांनो, यंत्रांची धूळ पुसा, त्यांना वारा मिळू द्या. आणि कुणी काही विचारत असेल, तर त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा. माझं एवढंच मागणं आहे. आणि ते वाक्य लिहिणारे तुम्हीच असाल, तर हात जोडतो, पुन्हा एकदा विचारा.